बाभळीची शाई, सोन्याचा वर्ख

वनस्पतींची शाई आणि सोन्याचा वर्ख वापरून केलेल्या चित्रांचं कौतुक होतं ते बहुधा फुलांच्या रंगांसाठी. पण रंगाच्या बाबतीत फुलं भरवशाची नाहीत. जास्वंदीचा रस लिंबू पिळताच लालभडक होतो आणि सोडा पडताच हिरवट. हळद चुन्याने तांबडी होते, म्हणून तर तिचं कुंकू होतं. आणि ऊन लागलं की तीच हळद विटते. असं चित्र भिंतीवर टिकायचं कसं? टिकाऊपणासाठी फुलं सोडून तुरट आणि चिकट झाडांकडे वळावं लागतं, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या डाळजच्या माणसाला असं झाड शोधायला लांब जावं लागणार नाही. उजनी धरणाच्या जलाशयाला लागून असलेल्या या पट्ट्यात बाभूळ ओळखीचीच आहे.

बाभळीच्या सालीत आणि शेंगांत टॅनिन भरपूर असतं. चामडं कमावायला ती साल वापरत आले ते त्यामुळेच. वाळक्या शेंगा फोडून, बिया काढून, टरफलं पाण्यात उकळली की तपकिरी काढा मिळतो. तो गाळून त्यात चिमटीने हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, टाकलं की काढा काळवंडतो. बोरूने ओढलेली रेघ आधी फिकट दिसते आणि वाळता वाळता गडद होत जाते, कारण हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचं रूप पालटतं आणि टॅनिनशी त्याचं काळं संयुग तयार होतं. शेवटी त्याच झाडाचा डिंक घालायचा. त्याच्यामुळे काळे कण तळाशी बसत नाहीत आणि शाई कागदावर फुटत नाही. जुन्नर-आंबेगावकडचा हिरडाही टॅनिनसाठी चालतो, पण डिंक मात्र बाभळीचा घ्यावा.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: लोहाची शाई कागद खाते. आक्षेप खरा आहे. युरोपातल्या हस्तलिखितांची अशी दुर्दशा झाली की जुनी हस्तलिखितं वाचवण्यासाठी 1898 साली स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथेच सोडून द्यावा. तरी दोष टॅनिनचा कमी, जास्तीच्या लोहाचा आणि आम्लाचा अधिक. हिराकस हात राखून घातला तर धोका बराच उतरतो. ज्याला तेवढीही जोखीम नको, त्याने आपल्याकडच्या जुन्या लेखकांची वाट धरावी. त्यांची शाई मुख्यतः काजळाची असे. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. ते विटत नाही, कागद खात नाही. पण नुसतं काजळ कागदाला धरत नाही, तिथे पुन्हा डिंक लागतोच. म्हणजे काळेपणा काजळाचा असो की लोहाचा, त्याला कागदावर बसवतं झाडच.

सोन्याचंही तेच. वर्ख मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. बोटाने उचलू गेलं तर बोटालाच चिकटतो. तो कागदावर बसतो डिंकाच्या ओलसर थरावर. थर सुकत आला असेल तर तोंडाची वाफ देऊन तो पुन्हा चिकट करतात, मग वर्ख टेकवून मऊ कुंचल्याने दाबतात. क्रम महत्त्वाचा: आधी सोनं, मग शाई. उलट केलं तर शाईतल्या डिंकालाही वर्ख चिकटतो आणि रेघ बिघडते. मराठी राजवटीत बहरलेल्या तंजावर चित्रशैलीतही उठावाच्या कामावर सोन्याचा पत्रा आधी बसतो आणि रंग नंतर भरतात. तिथे फळीवर कापड चिकटवायला चिंचोक्याची खळ वापरतात, सावंतवाडीच्या गंजिफातही चिंचोका असतोच. दोन्हीकडे झाकलेलं काम झाडाचं आणि मिरवणं सोन्याचं किंवा रंगाचं.

बाजारात मिळणारा स्वस्त ‘सोनेरी’ वर्ख मात्र पितळेचा असतो. तो हवेनेच काळवंडतो, आम्ल शाईच्या शेजारी आणखी लवकर. चांदी गंधकाच्या वायूने काळी पडते. खरं सोनं परवडत नसेल तर वर्खाची जागा कमी करावी, धातू बदलू नये.

कुणाला करून पाहायचं असेल तर शेंगांसाठी उन्हाळ्यापर्यंत थांबावं, आणि त्या देशी बाभळीच्याच घ्याव्यात: करड्या, लवदार, मण्यांच्या माळेसारख्या मध्ये मध्ये आवळलेल्या. वेड्या बाभळीच्या शेंगा पिवळसर आणि सलग असतात. त्या या कामाच्या नाहीत.