तारेच्या खालच्या टोकाला

तार आधी पाण्याला टेकली पाहिजे. हेलिकॉप्टरची पाती हवा कापत असतात तेव्हा यंत्राच्या अंगावर वीज साठत जाते आणि विंचची पोलादी तार ती वीज सोबत घेऊन खाली येते. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं. तार दिसली की त्याचे हात आपोआप वर जातात. तारेच्या टोकाचा हुक लाटेत बुडण्याआधी त्याने तो पकडला, तर असा झटका बसतो की आधीच गारठलेल्या, दमलेल्या शरीराला तो सोसवत नाही. म्हणून शेजारी तरंगणाऱ्या डायव्हरने त्या माणसाचे हात धरून ठेवायचे, हुक पाण्यात बुडू द्यायचा आणि मगच तार हाती घ्यायची. दोन-तीन सेकंदांचं काम. पण सुटका डोळ्यांसमोर लोंबकळत असताना कुणाला तेवढा वेळ अडवून ठेवून पाहा!

भारतीय नौदलात मी हे काम केलं. माझं गाव आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. आमचं गाव कोशाच्या कापडाचं, हातमागाचं. इथून कुठल्याही दिशेला निघालात तरी पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. भरतीचं पत्र आलं तेव्हा आजी म्हणाली होती, ‘‘पानी तं आपल्या गावातबी हाये गा, तिकडं कायले जातेस?’’ तिचं खरंच होतं. तलाव आणि बोड्यांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या, या जिल्ह्यात पोरं चालायला लागली की पोहायलाही लागतात. मीही तसाच शिकलो, आणि आपल्याला पोहता येतं या समजुतीत ओडिशातल्या आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झालो. पुढे कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये तो समज उतरला.

तिथे ताकदीच्या आधी घाई मोडतात. बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचा सराव घ्या. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स वरच्या अंगाला असतात. पाण्यात पडलं की ते वजन खाली ओढतं आणि अख्खं यंत्र उलटं होतं. सरावासाठी केबिनसारखा सांगाडा टाकीत सोडतात आणि तसाच उलटा करतात. आपण पट्टा बांधून आत. नाकात पाणी, डोकं खाली, पाय वर. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा पट्ट्याच्या बक्कलावर, आणि फिरणं पूर्ण थांबेपर्यंत हलायचं नाही. ज्याने आधीच पट्टा सोडला त्याला पाणी घुसळून काढतं. खिडकी कुठे होती हेच त्याला कळेनासं होतं. श्वास कोंडलेला असताना स्वस्थ बसणं अंगाला मान्य नसतं. ते मान्य करायला लावणं, एवढ्यासाठीच तो सराव.

पुढची बरीच वर्षं चेतक हेलिकॉप्टरवर गेली. छोटं, एका इंजिनाचं यंत्र, वैमानिकासकट सातजणांच्या जागेचं. नौदलातली चेतकची ‘आयएनएएस ३२१’ ही तुकडी १९६९पासूनची, आणि तिचं टोपणनाव ‘एंजल्स’. विमानवाहू जहाजावरून विमानं उडत-उतरत असताना एक हेलिकॉप्टर जवळच हवेत तयार असतं. विमान समुद्रात गेलं किंवा वैमानिक बाहेर फेकला गेला, तर पहिलं पोचायचं ते त्याने. बहुतेक दिवस काहीच घडत नाही. दाराशी पाय सोडून, वेटसूटमध्ये घाम गाळत बसून राहायचं.

बोलावणं आलं, की उडी. पाण्यापासून दहा-पंधरा फुटांवर यंत्र येतं. पाय जुळलेले, एका हाताने मास्क दाबलेला, नजर क्षितिजावर. खाली बघितलं की अंग पुढे झुकतं आणि तोंडावर आपटायला होतं. पाण्यात गेल्यावर आधी वर बोट दाखवून आपण ठीक असल्याची खूण करायची. एव्हाना पात्यांखालचा वारा समुद्राची साल सोलू लागलेला असतो. सगळीकडे खारे तुषार, आवाज एवढा की स्वतःची शिटीही ऐकू येत नाही. त्या वाऱ्याखाली सरळ तोंड वर करून श्वास घेता येत नाही. मान वळवून, हाताचा आडोसा करून घ्यावा लागतो.

गंमत अशी, की ज्याच्या हाती हेलिकॉप्टर आहे त्याला आम्ही दिसत नाही. आम्ही बरोबर त्याच्या पोटाखाली. दारात आडवा पडून खाली बघणारा विंच ऑपरेटर हेच त्याचे डोळे. ‘‘फॉरवर्ड टेन... एट... फाइव्ह... थ्री... स्टेडी’’ हे त्याचं बोलणं अखंड चालू असतं. आवाज एका पट्टीत हवा. तो चिरकला तर वैमानिकाचा हात हलतो आणि हात हलला की तारेच्या टोकाचा माणूस दहा फूट झुलतो. ऑपरेटरचा एक हात विंचच्या बटणावर, तर दुसरा हातमोजा घालून तारेवर. हातमागाच्या ताण्यावर नुसता तळवा फिरवून कुठला धागा सैल पडलाय हे माझे वडील सांगायचे. तसंच ते. लाट वर आली की तार सैल पडते, लाट खचली की ताठते, आणि त्या सैल वेढ्यात कुणाचा हात किंवा गळा अडकायच्या आत ऑपरेटरने तार आवरलेली असावी लागते. खालचा माणूस धाडसी ठरतो, त्याचे फोटो निघतात. त्याचा जीव असतो त्या हातमोज्यात.

बुडणाऱ्या माणसाकडे समोरून जायचं नाही. तो मिठी मारतो, आणि मिठी मारलेला माणूस दोघांनाही खाली नेतो. थोड्या अंतरावर थांबायचं, त्याच्याशी बोलायचं, मागच्या बाजूने जाऊन काखेत हात घालायचा. त्याने पकडलंच तर सुटायला झगडायचं नाही, उलट आपण खाली बुडी मारायची. त्याला वर राहायचं असतं, त्यामुळे तो आपोआप सोडतो. पॅराशूटने उतरलेल्या वैमानिकाची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्याच पात्यांच्या वाऱ्याने ओलं पॅराशूट पुन्हा फुगू शकतं आणि त्याला फरफटत नेऊ शकतं. त्यामुळे यंत्र लांब ठेवायचं, पोहत जायचं, दोऱ्या एकेक करून सोडवायच्या आणि मगच तार मागवायची. जीवरक्षक तराफा असेल तरी तेच. जवळ आलेलं हेलिकॉप्टर तो तराफा पालथा करू शकतं.

वर नेतानाही पथ्यं आहेत. काखेखालून जाणाऱ्या पट्ट्याला आम्ही स्ट्रॉप म्हणतो. धडधाकट माणसाला एक स्ट्रॉप पुरतो. मात्र कित्येक तास पाण्यात राहिलेल्याला असं उभं उचललं, तर भोवतालच्या पाण्याचा दाब एकदम जातो, रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब कोसळतो. पाण्यात बोलत असलेली माणसं दारापर्यंत पोचताना गेल्याची उदाहरणं आहेत. अशा माणसाला दुसरा स्ट्रॉप गुडघ्यांखालून घालतात आणि शक्य तितकं आडवं वर नेतात. वेळ जास्त लागतो. तरी तो द्यायचा.

ऑगस्ट २०१८मध्ये केरळच्या पुरात ‘ऑपरेशन मदद’मध्ये होतो. समुद्रावर शिकलेलं सगळं तिथे घरांच्या गच्च्यांवर वापरावं लागलं. लाटांऐवजी विजेच्या तारा, नारळाची झाडं, आणि पात्यांच्या वाऱ्याने उडणारे पत्रे. १७ ऑगस्टला अलुवाजवळच्या चेंगमनाडहून कमांडर विजय वर्मांच्या हेलिकॉप्टरने कळा सुरू झालेल्या एका बाईला वर घेतलं. तिला उचलावं का, हे ठरवायला आधी डॉक्टर खाली उतरवला होता. नौदलाच्या ‘संजीवनी’ रुग्णालयात त्याच दिवशी तिला मुलगा झाला. ते दृश्य देशाने पाहिलं. मी त्या हेलिकॉप्टरवर नव्हतो. माझ्या वाट्याला आल्या त्या पदर सुटेल म्हणून हात न उचलणाऱ्या म्हाताऱ्या, ‘आधी नातवाला न्या’ म्हणणारे आजोबा आणि गाय सोडून यायला तयार नसलेला एक गृहस्थ. भाषा येत नव्हती. डोळ्यांत बघून मान हलवायची, पट्टा आधी स्वतःला लावून दाखवायचा, मग त्यांना.

आणि इंधन. परतीपुरतं इंधन उरलं की गच्चीवर कितीही माणसं असोत, निघावं लागतं. खाली हात जोडलेली माणसं, आणि तुम्ही तारेवरून वर जाताय. तळहात दाखवून ‘थांबा’ म्हणायचं. इतकी लाज मला दुसऱ्या कशाचीच वाटली नाही. आम्ही पुन्हा जायचो, पण ते गच्चीवरच्यांना कसं कळणार! त्या पुरात नौदलाने सोळा हजारांवर लोक बाहेर काढले. त्यातले हवेतून नेलेले साधारण हजारभर, बाकी सगळे होड्यांतून. आणि केरळचे कोळी आपापल्या होड्या ट्रकवर चढवून आले, त्यांनी काढलेल्यांचा हिशेब आणखी निराळा.

निवृत्त होऊन गावी आलो, तर पूर इथेच आला. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरात शिरली. पुढच्या वर्षी, १७ मे २०२१ला तौक्ते वादळात मुंबईजवळ ‘पी-३०५’ हा कामगारांचा राहण्याचा तराफा (बार्ज) बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. ‘आयएनएस कोची’, ‘आयएनएस कोलकाता’ यांच्यासारख्या जहाजांनी त्या रात्री आणि त्यानंतरही, पर्वताएवढ्या लाटांत, १८६ जणांना वाचवलं. टीव्हीसमोर बसलेले शेजारी विचारत होते, ‘‘हेलिकॉप्टर कावून नाही पाठवत?’’ त्या वाऱ्यात, त्या अंधारात तार सोडता येत नाही. जहाजाच्या कडेला सोडलेली जाळी आणि दोर हेच तेव्हाचं साधन. त्या रात्री मला हे त्यांना समजावून सांगता आलं नाही.

आता पोरं येतात. कुणाला अग्निवीर व्हायचं असतं, कुणाला नुसतं ऐकायचं असतं. मी त्यांना एक दोर आणि घट्ट बुचाचा तेलाचा रिकामा डबा बांधून ठेवायला सांगतो. विसर्जनाच्या दिवशी, पावसाळ्यात बोडी भरल्यावर, तो काठावर हवा. आपल्याकडे तलावात एक बुडतो आणि त्याला काढायला उडी घेणारा दुसराही जातो, अशी बातमी वर्षाआड वाचायला मिळते. आधी हाक मारा, मग काठी किंवा दोर पुढे करा, डबा फेका, डोंगा असेल तर तो न्या. उडी सगळ्यांत शेवटी, आणि तीही कमरेला दोर बांधून, ज्याचं दुसरं टोक काठावर कुणाच्या तरी हातात आहे. डबा नेमका फेकायला पोरं एका दुपारीत शिकतात. पट्टीच्या पोहणाऱ्या पोराला काठावर रोखून धरायला मात्र अख्खा उन्हाळा जातो.