नाटकाच्या गल्ल्यातून उभी राहिलेली गायनशाळा

सदाशिव पेठेच्या कडेने जाणाऱ्या बाजीराव रस्त्यावर, शनिपाराजवळ, भारत गायन समाज आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी तो १९११ साली काढला. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं होतं. इतिहासाचं काम करणाऱ्यांना निदान दप्तरं दाखवून वर्गणी मागता येत होती. गायनाची दप्तरं मात्र गवयांच्या गळ्यात होती आणि गवई गेला की तीही जात.

बुवांच्या गळ्यात अशी तीन दप्तरं होती. बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि त्यानंतर अल्लादिया खाँ. एकेका उस्तादाची मर्जी सांभाळत, सेवा करत ही विद्या त्यांनी मिळवली होती. ती चार भिंतींच्या शाळेत, फी भरून येणाऱ्या कुणालाही शिकवायची, हा त्या काळी धाडसाचाच बेत होता.

समाजाचं मूळ नाव किर्लोस्कर भारत गायन समाज. बुवा लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत नट होते. ‘रामराज्यवियोग’मधली त्यांची कैकेयी नावाजली गेली होती. आवाज फुटल्यावर ते गाण्याकडे वळले, पण रंगभूमीशी असलेलं नातं तुटलं नाही. ‘विद्याहरण’ (१९१३), ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकांतल्या पदांना त्यांनी चाली दिल्या. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे, मास्तर कृष्णराव ही सगळी त्यांचीच शिष्यमंडळी. यमन, बिहाग, भीमपलास हे राग ‘स्वयंवर’च्या पदांतून तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांच्या ओठी बसले. मुलाला गाणं शिकवावं असं ज्यांना वाटू लागलं, ती घरं या नाटकांनीच तयार केली. रागसंगीताला मराठी मध्यमवर्गाचा आश्रय मिळाला त्यात संस्थानिकांच्या देणग्यांपेक्षा नाटकाच्या गल्ल्याचा वाटा मोठा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

१९२२ साली, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी बुवा गेले. पुढे समाजाची धुरा मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी वाहिली. गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांना आणि नंतर ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांना संगीत देणारा हा लोकप्रिय माणूस. त्यांनीच ‘रागसंग्रह’ या पुस्तकाचे सात भाग सिद्ध केले. त्यात परंपरेतल्या बंदिशी स्वरलिपीसह उतरवलेल्या आहेत.

हे काम नेमकं काय असतं ते समजून घ्यायला हवं. बंदिश पुन्हा पुन्हा गाऊन पाहायची, सम कुठे येते ते पक्कं करायचं, अक्षर कोणत्या मात्रेवर पडतं ते ठरवायचं. एकच चीज दोन उस्तादांकडून दोन तऱ्हांनी आलेली असली, तर कोणती छापायची याचा निर्णय करायचा. मींड आणि कण कागदावर मावत नाहीत, तरी खूण करायची. हे संशोधनच आहे, आणि विद्यार्थ्यांच्या फीतून त्याचा खर्च कधीच निघत नाही. असं काम झालं ते बहुतेक अशाच माणसांच्या हातून, ज्यांचं पोट दुसऱ्या कुठल्या कमाईवर चालत होतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ घेऊन त्यांनी बावीस श्रुतींची मोजमापं मांडली आणि १९१० साली पुस्तकरूपाने छापली. त्या संशोधनामागे होती सरकारी पेन्शन.

कमाईच्या बळावर मोठं स्वप्न उभं केलं की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्ज काढून बांधली. जलसे करून ते फेडायचं होतं, पण ते फिटलं नाही आणि १९२४ साली इमारतीचा लिलाव झाला. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ‘राग-विज्ञान’चे सात भाग लिहिले. त्याआधी दहा वर्षं तेही गंधर्व नाटक मंडळीत होते. ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या परीक्षांची पद्धत गांधर्व महाविद्यालय मंडळाने गावोगाव रुजवली, त्यामुळे लहान शाळांना विद्यार्थी मिळाले आणि भाडं भरता आलं. पण पाठ्यक्रमात नसलेल्या रागावर वर्षभर बसायला त्या पैशात कुणाला सवड मिळत नाही.

आज केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्येष्ठ अभ्यासवृत्ती दरमहा २०,००० आणि कनिष्ठ १०,००० रुपयांची आहे, दोन वर्षांसाठी. ती मिळते व्यक्तीला. मुदत संपली की अभ्यासक आपला कागद घेऊन जातो आणि शाळेच्या कपाटात काही राहत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या निधीत कला आणि वारसा यांनाही जागा दिली आहे. कंपन्यांना मात्र महोत्सव आवडतो, कारण तिथे फलक लावता येतो. महोत्सव हवेतच, तरुण गायकाला मंच त्यातूनच मिळतो. पण मंडपाच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून एक ज्येष्ठ गवई, एक तबलजी, एक लिहिणारा आणि एक ध्वनिमुद्रक यांना वर्षभराचं मानधन शाळेच्याच नावाने दिलं, तर ‘रागसंग्रह’मधल्या चिजा गाऊन, त्यांची पाठांतरं ताडून, लिपी आणि ध्वनी शेजारी शेजारी ठेवता येतील. त्या चिजा शिकलेली जुनी मंडळी आहेत तोवरच हे करायला हवं.