दहावीच्या घरातला गणपती

आमच्या डोंबिवलीत दहावीचं घर लांबूनही ओळखू येतं. टीव्हीचा आवाज बंद असतो आणि लग्नाच्या आमंत्रणाला ‘यंदा जमेलसं वाटत नाही हो’ असं उत्तर मिळतं. मी घरीच गणित-विज्ञानाचे क्लास घेते, त्यामुळे पालकांचा प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, गणपतीला गावी न्यायचं का?’ यंदा तो माझ्याच घरात उपटला. मुलगी दहावीत आणि सासर कुडाळजवळ.

तो प्रश्न येतोही उशिरा. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे गणपतीची तिकिटं जून-जुलैतच काढावी लागतात. घटक चाचणीच्या तारखा शाळेला विचारायच्या त्या तेव्हा, बॅग भरताना नव्हे.

माझं मत सरळ आहे: गणपतीला जावं, दिवाळीत बेतानं फिरावं, नाताळात घरी बसावं. राज्य मंडळाची दहावी 2025 मध्ये 21 फेब्रुवारीला सुरू झाली, म्हणजे गणपती आणि परीक्षा यांच्यात पाच-सहा महिने असतात. सहामाही साधारण दिवाळीच्या आधी उरकते, सराव परीक्षा जानेवारीत येते. तिच्या तोंडावर महाबळेश्वर काढणाऱ्या बापांना मी स्पष्ट नाही म्हणते. माझ्या नवऱ्यालाही म्हटलं आहे.

गावी अभ्यास अजिबात नको का? हवा, पण दप्तर नको. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच केलेले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, पण मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर ते कमी कष्टांत टिकतं, असं त्याला दिसलं. पुढे 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र लिहिणारे पुढे गेले. आमच्या मुलांचं ‘दोनदा वाचून झालंय’ किती पोकळ असतं, ते इथे कळतं.

म्हणून लेकीबरोबर एकच वही गेली. समरूपता, वर्गसमीकरणं, गुरुत्वाकर्षण, म्हणजे शिकवून झालेल्या धड्यांवरचे नुसते प्रश्न. पुस्तकं डोंबिवलीत. अडलेल्या प्रश्नापुढे फुली मारायची आणि परतल्यावर तेवढंच उघडायचं. नवा धडा गावी सुरू करायचा नाही. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची हाक आली की लक्ष तिकडेच जाणार, आणि गेलंच पाहिजे.

वेळ तिनंच निवडली: सकाळची, पडवीत, आरतीआधी तासभर. पहाटे पाचचे बेत मी करू दिले नाहीत. रात्री घरोघरी भजनं चालतात, मुलं उशिरापर्यंत झांजा वाजवत फिरतात. झोप तोडून बसलेलं पोर काय आठवणार? दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला झोपच लागते.

खरा त्रास पुस्तकांचा नसतोच, माणसांचा असतो. दर्शनाला येणारा प्रत्येक काका ‘किती टक्के पडतले?’ विचारतो आणि करंजी उचलतो. पोरगी मग माजघरात पळते. सासूबाईंनी ते ओळखलं. कोणी विषय काढला की त्या बजावायच्या, ‘चेडवाक जरा वाचूक देवा, आरतीक बोलवया मगे.’ वही तेव्हा फळीवर असायची, पण काका गप्प बसायचे. गावी निघण्याआधी पालकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक फोन करून हे सांगून ठेवावं. वेळापत्रकापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

वहीत फुल्या बऱ्याच निघाल्या, बहुतेक वर्गसमीकरणांच्या शाब्दिक उदाहरणांत. घरी बसून तिनं ते धडे पुन्हा वाचले असते आणि येतंय असं समजून पुढे गेली असती.

आता नवऱ्याचं महाबळेश्वर. 2025 मध्ये भूगोलाचा शेवटचा पेपर 17 मार्चला झाला होता. यंदाही वेळापत्रक आलं की त्यानंतरची तारीख धरून हॉटेल ठरवायला त्याला सांगितलंय. लेकीला मात्र पुन्हा कुडाळलाच जायचंय, आणि त्या तिकिटांचे 60 दिवस मोजले तर ते नेमके सराव परीक्षेच्या आठवड्यात येतात. तेव्हा आरक्षणाला सकाळी आठ वाजता मी बसणार, ती नाही.