प्लगची साक्ष

हकीमसाहेब रोग्याला आधी जीभ दाखवायला सांगतात. गॅरेजमधला उस्तादही काहीसे असेच करतो. गाडी झटके देते, चढावर ओढत नाही, अशी तक्रार आली की तो इंजिनाचे प्लग खोलतो आणि त्यांची टोके उजेडात धरून पाहतो. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे त्याला त्यांवरून पुष्कळसे कळते.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या इंजिनात बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक प्लग बसवलेला असतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत दाबले गेले की प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. मिश्रण पेटते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटवतो. (डिझेलच्या इंजिनात असा प्लग नसतो. तिथे दाबून तापलेल्या हवेनेच डिझेल पेट घेते.)

इंजिन निरोगी असेल, तर प्लगच्या टोकाकडील चिनी मातीच्या भागाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखी दिसतो. त्यावर कोरडी काळी काजळी धरली असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते आहे असे समजावे. कदाचित एअर फिल्टर धुळीने चोंदला असेल. काळेपणा ओला, तेलकट असेल, तर मात्र खर्च मोठा. पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल वर चढत असते किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने आत उतरत असते. अशा गाडीच्या मागून निळसर धूर निघतो. टोक पांढरे पडून त्यावर फोड आले असतील, तर प्लग फार तापतो आहे.

१ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसे नसलेले पेट्रोल मिळू लागले. त्या पेट्रोलाचा रंग प्लगवर फिकटच चढतो. म्हणून हुशार उस्ताद एकाच प्लगवर भरवसा ठेवत नाही. तो सगळे प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडतो. एक प्लग इतरांहून वेगळा दिसला, की बिघाड कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते समजते.

आता एक अवघड दुखणे पाहू. रेडिएटरमधले पाणी रोज कमी होते, पण गाडीखाली थेंबही सांडलेला नाही. मग पाणी जाते कुठे? प्लग काढले, तर तीन तपकिरी आणि एक मात्र धुतल्यासारखा लख्ख! इंजिन गरम झाल्यावरही मागून पांढरी वाफ निघते. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट नावाची पातळ पट्टी असते. ती एका जागी जळाली, की पाणी सिलिंडरमध्ये झिरपते आणि वाफ होऊन प्लगचे टोक धुऊन काढते. कधी हे पाणी ऑइलमध्येही मिसळते. मग ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस दिसतो. थंडीत थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीतही असा फेस धरतो, तेव्हा एवढ्यावरूनच हेड खोलायला घेऊ नये.

काही चालक रोज सकाळी पाणी भरतात आणि गाडी तशीच दामटतात. हे फार धोक्याचे आहे. पाणी हवेसारखे दबत नाही. रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साचले आणि सकाळी स्टार्टर मारला, तर पिस्टनचा दांडा वाकू शकतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे तर त्याहून वाईट. आतले पाणी दाबाखाली १०० अंश सेल्सिअसहूनही अधिक तापलेले असू शकते. झाकण फिरवताच ते उसळून चेहरा आणि हात भाजतात.

हेड उतरवल्यावर चांगला उस्ताद लगेच नवे गॅस्केट बसवत नाही. हेडवर तो पोलादी पट्टी आडवी धरतो आणि खालून उजेड दिसतो का ते पाहतो. फट दिसली, तर हेड तापून वाकलेले आहे. ते आधी मशीनवर सपाट करून आणावे लागते. नाहीतर नवे गॅस्केटही थोड्याच दिवसांत जळते.