पोस्टरवरचं ‘कुरवंडे’ एआय का चुकवतं?

इअरफोन लावून ऐकत असाल, तर आज जरा स्क्रीनकडेही बघा. विषय आहे सिनेमाच्या पोस्टरवरची अक्षरं.

आमच्या कुरवंड्याला नागफणीचा सुळका आहे आणि कोकणात उतरणारी जुनी घाटवाट. १६६१ साली कारतलबखानाची फौज इथून उतरली आणि खाली उंबरखिंडीत शिवरायांनी तिला कोंडीत पकडलं. समजा, यावर शॉर्टफिल्म करायचीये. एआयला सांगा, धुकं, दरी, घोडे सगळं मिनिटात हजर. आता म्हणा, वर ‘कुरवंडे’ लिही. उकार गळतो, नाहीतर अनुस्वार भलत्याच डोक्यावर बसतो. नवी टूल्स सुधारलीत, पण डोळे झाकून भरवसा ठेवू नका.

असं का होतं? फोनमध्ये ‘कुरवंडे’ हा शब्द सात खुणांनी साठवलेला असतो: क, उकार, र, व, अनुस्वार, ड, मात्रा. आपल्याला दिसतात चारच अक्षरं. ‘चित्र’मधली वेलांटी तर साठवली जाते ‘च’च्या नंतर, पण दिसते आधी. ही जुळणी फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. चित्र काढणारं एआय सहसा फॉन्ट वापरतच नाही. पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ते अक्षराचा आकार रंगवतं. त्या चित्रांत इंग्रजी पाट्या ढिगानं, मराठी कमी.

दुसरी गोष्ट ‘ल’ची. मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा उभ्या दंडाचा. फॉन्ट न तपासता घेतला, की मराठी सिनेमाच्या नावात हिंदी ‘ल’ येतो आणि हळूहळू आपल्याला तोच बरोबर वाटायला लागतो.

आपल्याकडे हे काम हातानं करणारे मोठे लोक होऊन गेले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूकपटांच्या काळात पोस्टरं रंगवायचे. २०२० मध्ये गेलेले कमल शेडगे नाटकाचं नाव असं लिहायचे, की अक्षरं बघूनच नाटकाचा बाज कळावा.

मग करायचं काय? एआयकडून हवं तर फक्त चित्र घ्या, अक्षरांशिवाय. नाव वेगळ्या लेयरवर ‘मुक्त’सारख्या फुकट मिळणाऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप करा, किंवा कागदावर लिहून स्कॅन करा. मग पोस्टर अंगठ्याएवढं करून वाचा. कारण लोक ते आधी मोबाइलवरच बघणारेत. अनुस्वार तिथे दिसला नाही, तर गावाचं नावच बदललं की हो!