सर्व्हर उघडण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता

परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथील एखाद्या पतसंस्थेचा, रुग्णालयाचा अथवा महाविद्यालयाचा कारभार पुष्कळदा एकाच सर्व्हरवर चालतो. ठेवीदारांची खाती, रुग्णांचे अहवाल, विद्यार्थ्यांचे गुण अशी वर्षानुवर्षांची माहिती त्यात साठवलेली असते. तिची प्रत काढून ती अन्यत्र ठेवता यावी, यासाठी सर्व्हरला टेप ड्राइव्ह, डीव्हीडी रायटर किंवा काढता-घालता येणाऱ्या हार्ड डिस्कचा कप्पा जोडला जातो. मात्र माहितीच्या रक्षणासाठी हाती घेतलेले हे काम निष्काळजीपणे झाले, तर तीच माहिती धोक्यात येते.

क्लाउडच्या जमान्यात टेप कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर फेब्रुवारी २०११ मधील एका घटनेत सापडते. गूगलच्या सॉफ्टवेअरमधील एका दोषामुळे तेव्हा जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली. निरनिराळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या प्रतींनाही या दोषाची झळ पोहोचली. अखेर संगणकांपासून अलग ठेवलेल्या टेपवरून ती पत्रे परत मिळवण्यात आली. माहिती ओलीस धरणाऱ्या रॅन्समवेअरलाही अशा अलग ठेवलेल्या प्रतीपर्यंत पोहोचता येत नाही.

आधी प्रत, मग पेचकस

सर्व्हरला हात लावण्यापूर्वी त्यातील संपूर्ण माहितीची ताजी प्रत काढावी आणि ती उघडते का, हे पाहावे. काम कार्यालयीन वेळेनंतर किंवा सुटीच्या दिवशी ठेवावे. सर्व्हर रीतसर बंद करून त्याची वीज तोडावी. येथे एक चूक हमखास होते. घरगुती संगणकाला विजेची एकच वायर असते. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात. एक वायर काढली तरी दुसरीतून वीज वाहतच राहते. त्यामुळे दोन्ही वायरी काढाव्यात आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून आत उरलेला भार जाऊ द्यावा. काही सर्व्हरमधील पुढच्या बाजूच्या डिस्क यंत्र चालू असतानाही बदलता येतात. तथापि, आत बसणाऱ्या टेप किंवा डीव्हीडी ड्राइव्हला ही मुभा सहसा नसते.

कोरडी हवा आणि काळी जमीन

स्थिर विजेचा धोका परभणीसारख्या कोरड्या हवेच्या प्रदेशात अधिक असतो. हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारी चटचट ही तीच वीज. साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही. नाजूक चिपला मात्र शंभर व्होल्टही घातक ठरू शकतात. म्हणून अँटिस्टॅटिक मनगटी पट्टा बांधून तो सर्व्हरच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागाला जोडावा आणि ड्राइव्ह अगदी शेवटच्या क्षणी पिशवीतून बाहेर काढावा.

इमारतीचे अर्थिंगही तपासून घेणे अगत्याचे आहे. या भागातील काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते. माती कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि अर्थिंग दुबळे होते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची पद्धत त्यामुळेच आहे.

बसवताना

ड्राइव्ह आपल्या सर्व्हरला चालतो की नाही, हे उत्पादकाच्या यादीत आधी पाहावे. टेप ड्राइव्ह शक्यतो डिस्कच्या रेड कंट्रोलरला न जोडता स्वतंत्र कार्डाला जोडावा. जुन्या स्कझी पद्धतीत प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक द्यावा लागतो आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो. सोबत आलेलेच स्क्रू वापरावेत. लांब स्क्रू आतील भागाला इजा करू शकतो. केबल पंख्यांच्या वाटेत येऊ देऊ नयेत आणि रिकाम्या कप्प्यांवरील झाकणे पुन्हा लावावीत. ती नसतील तर हवेचा ठरलेला प्रवाह बिघडतो आणि चाळिशीपार जाणाऱ्या तापमानात वातानुकूलन बंद पडल्यास सर्व्हर लवकर तापतो.

खरी परीक्षा नंतरच

सर्व्हर सुरू झाल्यावर बायोसमधील क्रम तपासावा. काढता येणारे माध्यम तेथे पहिल्या क्रमांकावर असेल, तर कोणीही स्वतःची डीव्हीडी घालून सर्व्हर त्यावरून सुरू करू शकतो. माध्यम घालताच आपोआप चालू होणारी ऑटोरन सोयही बंद करावी. इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रांना लक्ष्य करणारा आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हमधूनही पसरत होता.

त्यानंतर काही फाइली टेपवर लिहून त्या दुसऱ्या ठिकाणी परत उतरवाव्यात आणि मूळ फाइलींशी ताडून पाहाव्यात. प्रत यशस्वी झाल्याचा संदेश पुरेसा नसतो. एलटीओ प्रकारातील सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांच्या टेप वाचू शकत. आठव्या पिढीचा ड्राइव्ह केवळ एकच पिढी मागे जातो. त्यामुळे नवा ड्राइव्ह आला म्हणून जुना भंगारात काढण्यापूर्वी कपाटातील टेप कोणत्या पिढीच्या आहेत, हे पाहून घ्यावे. लेखापरीक्षणाच्या वेळी दहा वर्षांपूर्वीची नोंद मागितली गेली आणि टेप असूनही ती वाचणारे यंत्र नसले, तर ती नोंद हरवल्यातच जमा होते.