उजेडातले मॉस का कोमेजले?

पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर, जुन्या भिंतीवर, कौलांच्या खाचांत हिरवा मखमली थर चढलेला तुम्ही पाहिला असेल. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. पण बोटाला बुळबुळीत लागते ते शैवाल वेगळे आणि भिंगातून पाहिल्यावर ज्याला इवलीइवली पाने दिसतात ते मॉस वेगळे. या मॉसच्या काही जाती पाण्याखालीही वाढतात. माशांच्या टाकीत लावतात ते ‘जावा मॉस’ त्यांपैकीच एक. ते मूळचे आग्नेय आशियातले. शास्त्रीय नाव टॅक्सिफायलम बार्बिएरी.

आमच्या घरी दोन फूट लांबीची एक टाकी आहे. तिच्यात गप्पी मासे आहेत. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने जावा मॉसचे दोन पुंजके दोऱ्याने दोन दगडांना बांधले. एक ठेवला थेट दिव्याखाली, शांत कोपऱ्यात. दुसरा मागच्या बाजूला अर्धवट अंधारात, हवेच्या पंपाचे बुडबुडे वर चढतात त्याच्या शेजारी. “दिव्याखालचा आधी फोफावणार!” मी पैजेवर सांगितले.

दीड महिन्याने पाहतो तर उलटेच! अंधारातला पुंजका गर्द हिरवा होऊन दगडभर पसरला होता. दिव्याखालचा तपकिरी पडला होता आणि त्यावर शैवालाचे तंतू गुंडाळले होते. “बाबा, तुमचा अंदाज चुकला,” मुलगी म्हणाली. मला वाटले, प्रकाशच कमी पडत असेल. म्हणून आठ तास लावायचा तो दिवा मी चौदा तास ठेवू लागलो. शैवाल आणखी माजले.

त्यातच मे महिन्यात एका रात्री वीज गेली आणि पंप बंद पडला. पहाटे पाहिले तर सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत होते. दोन दगावलेही होते. टाकीत इतकी हिरवाई असताना मासे गुदमरले कसे?

मित्रहो, ही दोन कोडी आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाण्यात वायू फार सावकाश पसरतात.

वायूचे रेणू द्रवात सरळ रेषेत धावत नाहीत. जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसाप्रमाणे ते धक्के खात कधी पुढे, कधी मागे जातात. या पसरण्याला विसरण म्हणतात. विसरणाचा नियम असा की, अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ चौपट होतो. अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट. स्थिर पाण्यात कार्बन डायऑक्साइडला एक मिलिमीटर अंतर कापायला सरासरी सुमारे ४ मिनिटे लागतात. मग एक सेंटिमीटरला किती? ४०० मिनिटांहून अधिक, म्हणजे जवळजवळ ७ तास! स्थिर हवेत हेच एक सेंटिमीटर अंतर अवघ्या ३ सेकंदांचे आहे.

आता मॉसकडे वळू. मॉसला खरी मुळे नसतात. दगडाला धरून ठेवणारे बारीक धागे असतात, त्यांना मूलाभ म्हणतात. अन्नद्रव्ये आणि कार्बन डायऑक्साइड मॉस मुख्यतः पानांतूनच शोषते, आणि पाने बहुतेक ठिकाणी पेशींच्या एकाच थराची असतात. पानाला लागून असलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपला की बाहेरून नवा यावा लागतो. पाणी स्थिर असेल तर पानाभोवती न हलणाऱ्या पाण्याचे जणू कवच तयार होते आणि वायूला ते धक्के खात पार करावे लागते. पाणी हलते असेल तर हे कवच पातळ होते. कवचाची जाडी निम्मी झाली तर त्यातून दुप्पट वायू पानापर्यंत पोचतो.

मुळात पाण्यात हा वायू असतो तरी किती? २५ अंश सेल्सिअस तापमानाला, हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात जेमतेम ०.६ मिलिग्रॅम! माशांच्या श्वसनामुळे टाकीत तो थोडा अधिक असतो, इतकेच.

अशा वेळी प्रकाश वाढवून काय होणार? कणीक एकाच पोळीपुरती असताना चार तवे तापवण्यासारखे ते झाले! इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ साली हेच तत्त्व मांडले: ज्या घटकाची सर्वांत जास्त टंचाई असते, तोच प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठरवतो. माझ्या जादा प्रकाशाचा फायदा झाला तो शैवालाला. अनेक शैवले पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवतात. बहुतेक मॉसना ते साधत नाही.

आणि मासे? रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. मासे, मॉस आणि मी वाढवलेले शैवाल, सारेच प्राणवायू वापरत होते. त्यातून मे महिन्यातले कोमट पाणी! २५ अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅमच. हवेतून नवा प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. पंप बंद पडल्यावर तो खाली नेणारे कोणी उरले नाही. म्हणून मासे वर आले. आता वीज गेली की आम्ही दर थोड्या वेळाने वाटीने पाणी काढून वरून ओततो. उपाय साधा आहे, पण तो दोन मासे गमावल्यावर सुचला याची रुखरुख वाटते.

तुम्हाला मॉस वाढवायचे असेल तर पातळ थर सुती दोऱ्याने दगडाला बांधा. जाड गोळ्याच्या आत पाणी खेळत नाही. दोरा कुजेपर्यंत मूलाभ दगड धरतात. दिवा सात-आठ तास पुरे. थेट ऊन नको. पाणी मंद हलते ठेवा. छाटलेले मॉस ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका. परकी वनस्पती तेथे पसरू शकते.

पण थांबा! माझ्या टाकीवरून ‘प्रवाहामुळेच मॉस वाढले’ असे सिद्ध होते का? नाही. दोन पुंजक्यांत प्रवाह वेगळा होता, तसा प्रकाशही वेगळा होता. खरा प्रयोग तुम्ही करा. चार सारख्या बरण्या घ्या. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून ते चारही बरण्यांत भरा आणि प्रत्येकीत दोन सेंटिमीटर लांबीच्या मॉसच्या पाच-पाच काड्या दगडाला बांधून सोडा. मासे घालू नका. दोन बरण्या कमी उजेडात ठेवा, दोन जास्त उजेडात. पण चारही बरण्यांचे तापमान सारखे राहील असे पाहा. प्रत्येक जोडीतील एका बरणीत पंपाची नळी सोडा. दर रविवारी लांबी मोजून वहीत मांडा, सहा आठवडे.

सुरू करण्यापूर्वी एक काम मात्र विसरू नका: कोणत्या बरणीतले मॉस सर्वांत जास्त वाढेल, तो अंदाज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो चुकला तरी पान फाडू नका. माझा चुकला म्हणूनच हा लेख लिहिता आला!